टोपातलं घर

हे मी आजवर कुणाजवळ बोललो नाही. बायकोजवळ नाही, अब्बांजवळ तर नाहीच, आणि आता ते नाहीतही. तुम्हालाच का सांगतो आहे, तेही मला नीट सांगता यायचं नाही. बोलून मोकळं वाटेल अशी काही आशा नाही. खरं म्हणजे मला या गोष्टीचं फारसं काही वाटतच नाही — आणि बहुधा तीच अडचण आहे. दाताच्या डॉक्टरनं सुई दिल्यावर आपलाच गाल आपला वाटत नाही, तसं काहीसं. चावला गेला तरी कळत नाही.

क्रमानं सांगतो. नाही तर मी नेहमीसारखा भोवतीच फिरत राहीन.

दोन हजार साल उलटून पाच-सात वर्षं झाली असतील. सावली तालुक्यात वैनगंगेच्या अलीकडे एक छोटं व्यसनमुक्ती केंद्र होतं, त्यात मी समुपदेशक होतो. नदीपलीकडे गडचिरोली जिल्हा, तिथं दारूबंदी. त्यामुळे पिणारे पूल ओलांडून इकडे यायचे आणि सोडू पाहणारेही पूल ओलांडून इकडेच यायचे. मी मूळ वरोऱ्याचा. अब्बांचा तिथं फोटो स्टुडिओ होता. आमच्या घरात दारू हराम; मी आयुष्यात थेंब घेतलेला नाही. याचा मला गर्व होता, खोटं कशाला बोलू? खाटेवर थरथरणाऱ्या माणसाला "सुटेल, सुटेल" म्हणताना मनात कुठे तरी असायचंच की मी असा नाही. नशेत माणसं काय काय करतात ते मी वर्षानुवर्षं लिहून घेतलं. मी जे केलं ते पूर्ण शुद्धीत केलं, सकाळी चहा-पोहे खाऊन.

आमच्या डॉक्टर मॅडम आठवड्यातून दोन दिवस नागपूरहून येत. त्यांनी कुठल्याशा कॉलेजातून एक यंत्र मागून आणलं. डोक्यात घालायचं, डोळ्यांपुढे दोन छोटे पडदे, मागून जाड वायर कॉम्प्युटरला. मान उजवीकडे वळवली की आत उजवीकडचं दिसे, वर पाहिलं की वरचं. आपण तिथंच उभे आहोत असं वाटे. आभासी जग म्हणतात ते हेच. पेशंट त्याला टोप म्हणू लागले, मग आम्हीही. उपचार असा की टोपात दारूचं ठिकाण दाखवायचं, तलप उठू द्यायची आणि ती बसेपर्यंत पेशंटजवळ बसून राहायचं. शून्य ते दहात तलप किती, ते मी थोड्या थोड्या वेळानं विचारायचो. मध्येच त्यानं मोठ्यानं नाही म्हणायचं, कुणी पेला पुढे केला आहे असं समजून. मॅडम म्हणत, "पिण्याची सवय लागते, तशी नाही म्हणायचीही लावता येते."

यंत्रासोबत आलेलं चित्र शहरातल्या बारचं होतं. उंच स्टुलं, मंद दिवे, काचेच्या कपाटात बाटल्या. पहिला बसला देवाजी. चाळिशीचा धान पिकवणारा माणूस, केंद्रात तिसऱ्यांदा भरती झालेला. त्यानं टोप घालून चारी बाजूंनी मान फिरवली.

"मेडिकल होय काय जी हे?"

मी म्हटलं, बार आहे, मोठ्या शहरातला.

"असंन. पन इथी तं पान्यालेही कोनी विचारून नाई राह्यलं. तलप कशी येईन?"

वॉर्डात दोन दिवस हसणं चाललं. मॅडमही हसल्या. मग त्यांनी विचारलं, तुमची तलप उठते कुठे? एकेकानं सांगितलं, आणि त्यातल्या निम्म्याहून जास्त लोकांनी एकच जागा सांगितली — पारबताबाईचं आंगण.

पारबताबाई पन्नाशीच्या विधवा. केंद्रापासून सात-आठ किलोमीटरवर धानाच्या बांध्यांपलीकडच्या, म्हणजे भातखाचरांपलीकडच्या, गावात राहायच्या. मुलगी मूल या तालुक्याच्या गावी दिलेली. घरामागच्या आंगणात मोहाची दारू गाळायच्या आणि तिथंच बसून लोक प्यायचे. आजूबाजूच्या पाच गावांना हे माहीत होतं, पोलिसांनाही होतं. देवाजी त्यांच्याबद्दल बोलताना आवाज खाली आणायचा. म्हणायचा, "बाई वाईट नाई जी. जास्त झाली का थेच म्हनते, घरी जाय आता."

मॅडमनी मला फोटो काढायला सांगितलं. आंगणाच्या मधोमध स्टँडवर कॅमेरा लावायचा, थोडा थोडा फिरवत चारी बाजूंचे फोटो घ्यायचे आणि कॉम्प्युटरवर ते एकमेकांना सांधायचे. स्टुडिओवाल्याचा मुलगा, मलाच जमणार. त्यांनी छापील कागद दिला आणि बजावलं की घर त्यांचं आहे, कशासाठी हवं ते समजावून सांगा, मग सही घ्या. नाही म्हणाल्या तर दुसरी जागा बघू. हे एवढ्यासाठी सांगतो की माझ्यावर कुणाची जबरदस्ती नव्हती. दुसरी जागा चालणार होती.

मी गेलो माघात. धान निघून बांध्या रिकाम्या पडल्या होत्या. वाटभर मी वाक्यं जुळवत होतो — बाई, तुमच्या आंगणाचा फोटो हवा, दारू सोडवायच्या कामासाठी. बोलायला जड वाक्य आहे ना? ज्यांचं पोट त्या दारूवर, त्यांनाच सांगायचं. वर फोटो म्हटला की पोलीस आठवणार. पण जड म्हणजे अशक्य नव्हे. पुढे मला पुष्कळदा वाटलं की त्या हो म्हणाल्या असत्या. देवाजीचं नाव घेतलं असतं तर नक्की म्हणाल्या असत्या.

मी स्टँड उघडला आणि तोंड उघडायच्या आत त्यांनीच विचारलं.

"घरकुलाचे फोटो होय काय जी, भाऊ?"

त्या दिवसांत गावोगाव सरकारी माणसं कच्च्या घरांचे फोटो काढत हिंडत होती. त्यांचं घर मातीच्या भिंतींचं, वर कवेलू म्हणजे कौलं, मागची भिंत थोडी फुगलेली. त्यांनी विचारलं आणि पदर नीट केला.

मी हो म्हटलं.

एवढंच. एक अक्षर. हे सांगायला मी इतका वेळ घेतला. नंतर खूप काही झालं, पण ते सगळं त्या एका अक्षराच्या मागून आलं. का म्हटलं? सोपं होतं म्हणून. याहून मोठं कारण मी शोधून पाहिलं, सापडलं नाही.

त्या लगबगीनं दारूचा जर्मनचा गंज, म्हणजे ॲल्युमिनियमचं मोठं पातेलं, आणि मडकी उचलायला लागल्या. म्हणाल्या, "हे दिसलं तं घरकुल देतीन काय जी मले?" पण मला तर तेच हवं होतं! गंज गेला, मडकी गेली, तर राहिलं काय — कुणाचंही आंगण. मी म्हटलं, "राहू द्या बाई. गरिबी दिसली पाहिजे." त्यांनी सगळं जागच्या जागी परत ठेवलं. पेलेही ठेवले. मी सांगितलं तसे.

मग तो कागद. त्यांना वाचता येत नव्हतं. मी वाचून दाखवला नाही. निळी शाई लावून अंगठा घेतला. अंगठा पदराला पुसायचा सोडून त्या तशाच शेजारणीकडे गेल्या आणि हात वर करून तिला दाखवला. परतीच्या वाटेवर मी खुशीत होतो. फोटो चांगले आले होते, ऊन तिरपं होतं. मॅडमनी विचारलं, समजावून सांगितलं ना? मी म्हटलं, हो. दुसरा हो पहिल्यापेक्षा सोपा गेला.

फोटो सांधताना एक बकरी आडवी आली. मी कॅमेरा फिरवत होतो तशी तीही फिरली असणार. एका शिवणीवर तिचं तोंड होतं आणि धड कुठेच नव्हतं. म्हणून चैत्रात पुन्हा गेलो. तेव्हा मोह वेचून आंगणभर वाळत घातला होता. वासानं माझंच डोकं जड झालं. पेशंट म्हणालेच होते, मोह दिसल्याशिवाय ते आंगण खरं वाटायचं नाही. पारबताबाईंनी चहा दिला आणि विचारलं, "नाव आलं काय जी?" मी म्हटलं, येईल, वेळ लागतो. आणि निघताना सांगितलं की घर जसं आहे तसंच ठेवा, फोटोत आहे तसंच दिसलं पाहिजे. एखादा फोटो पुन्हा बिघडला आणि पुन्हा यावं लागलं तर जुन्याशी जुळायला हवं, इतकाच माझा हिशेब होता.

टोप चालला. हेही सांगितलं पाहिजे, कारण ते खरं आहे. देवाजीनं टोप घातला आणि पहिल्याच मिनिटाला त्याचा हात पुढे गेला, हवेत, पेला घ्यायला. तलप नऊ. घाम फुटला. लाइन गेली म्हणून मध्येच थांबावं लागलं, तेव्हा तो रडत होता. दुसऱ्या दिवशी स्वतःहून येऊन बसला. नऊची सात झाली, मग पाच. त्यानं वाक्यही स्वतःचंच केलं. आम्ही शिकवलेलं "मला दारू नको" त्याच्या तोंडी बसेना. तो म्हणायचा, "नाई पारबताबाई, मले नोको आज." मॅडमनी ते तसंच राहू दिलं. त्यांनी माझी पाठ थोपटली. नागपुरात बातमी गेली आणि काही मोठे डॉक्टर मेअखेर बघायला येणार असं ठरलं. टोपही बघणार आणि जमलं तर खरं आंगणही.

मेच्या मधल्या आठवड्यात मी बाईंना भेटायला गेलो. दारात नव्या कवेलूंचा ढीग होता, कुंभाराकडून आणलेला. आमच्याकडे पावसाळ्याआधी कवेलू फेरतात, तुम्हाला माहीतच असेल — सगळं छप्पर उतरवायचं, फुटके काढायचे, नवे घालून परत रचायचं. दर साली करावंच लागतं. नाही तर पाणी गळतं, भिंतीत मुरतं.

"फेरून घेऊ काय जी? का थांबू? तुमीच म्हनलं होतं, जसं हाय तसंच ठेवा."

त्या मला विचारत होत्या. स्वतःच्या छपराबद्दल, मला.

माझ्या डोळ्यांसमोर काय होतं सांगू? नवे लाल कवेलू. टोपात काळे, प्रत्यक्षात लाल. पाहुणे म्हणतील, हे तर वेगळंच दिसतं. मला त्यांच्या तोंडून "अगदी हुबेहूब" ऐकायचं होतं. मी म्हटलं, "थांबा बाई. साहेब लोक बघून जाऊ द्या, मग फेरा."

असे कोणी साहेब नव्हतेच, निदान त्यांच्यासाठी तरी नव्हते.

पाहुण्यांचं येणं लांबलं. आले तेव्हा मृग लागून आठ-दहा दिवस झाले होते. टोप घालून बघितला, जेवले, कौतुक केलं. गावात जायला त्यांना वेळ नव्हता. ओल्या छपरावर चढता येत नाही आणि घर उघडं टाकता येत नाही. कवेलू फेरायचे दिवस गेले होते. पण निदान सांगायला जाता आलं असतं ना, की बाई, कुणी येणार नाही, ताडपत्री तरी टाका? मी गेलो नाही. विसरलो म्हटलं तर तेवढीच सुटका होईल. विसरलो नव्हतो.

आषाढात एका सकाळी देवाजी टोप घालायला बसला, पण घालेना. मांडीवर घेऊन बसून राहिला.

"पारबताबाईची मांगची भीत बसली जी. थे चुलीपाशी होती. कंबर मोडली म्हन्तेत. चंद्रपूरले नेलं."

 त्यानं टोप उचलून डोळ्यांना लावला, वायर डोलत होती. जरा वेळानं म्हणाला, "इथी तं उभीच हाय."

त्या दिवशी त्याची तलप किती होती, ते मी विचारलंच नाही. मॅडमना मी सांगितलं की त्या बाईंचं घर पडलं, पावसात. त्यांना वाईट वाटलं. म्हणाल्या, आपण काही मदत करायला हवी. मी म्हटलं, मुलीनं नेलंय मूलला, चांगलं चाललंय. मला यातलं काहीही माहीत नव्हतं.

दिवाळीच्या थोडं आधी त्या आल्या. जावयानं सायकलीवर मागे बसवून आणलं होतं, फाट्यापासून. मॅडम यायच्या नसत अशा एका वारी, दुपारी. एका हातात काठी, दुसरा जावयाच्या खांद्यावर. अर्ध्या झाल्या होत्या. माझ्या टेबलासमोर बसायला त्यांना बराच वेळ लागला.

त्या भांडायला आल्या नव्हत्या. आल्या असत्या तर — जाऊ द्या.

काम असं होतं. एक मेच्या ग्रामसभेत घरकुलाची नावं घेतली होती. खरी. सरपंचानं विचारलं, पारबताबाई, तुमचं लिहू का? त्या म्हणाल्या होत्या, "माहं झालं जी. माहे फोटोही झाले, आंगठाही झाला." त्यांनी नाव दिलंच नाही. आता यादी लागली, तिच्यात त्या नव्हत्या. पंचायतीत गेल्या तर ग्रामसेवक म्हणाला, तुमचा अर्जच नाही. भिंत पडल्यावर बाकीचं घरही पावसानं बसलं, तिथं आता मातीचा ढीग. घर होतं, त्यात माणूस राहत होतं, याला पुरावा काय?

"तुमच्यापाशी फोटो हाय ना, भाऊ? थे द्या. मी दाखवतो त्याईले, असं होतं म्हनून माहं घर."

शेजारच्या खोलीत टोप चालू होता. देवाजी घरी जाऊन चार महिने न पिता राहिला होता आणि आता आठवड्यातून एकदा सरावाला यायचा. त्या दिवशी त्याचीच पाळी होती. त्याच्या डोळ्यांसमोर तेच घर होतं, सगळं, चारी बाजूंनी. मागची भिंत, कवेलू, गंज. कॉम्प्युटरच्या पोटात एकेक फोटो. फोटो द्यायचा म्हणजे काय करायचं होतं मला? एक वरोऱ्याला पाठवायचा, अब्बांनी संध्याकाळपर्यंत छापून दिला असता. पण तो फोटो पंचायतीत गेला असता, तिथं कुणी विचारलं असतं कुणी काढला, कशासाठी काढला; मग तो कागद निघाला असता, निळ्या अंगठ्याचा. मॅडमपर्यंत गेलं असतं. हे सगळं मला एका क्षणात दिसलं. अशा वेळी माझं डोकं फार लख्ख चालतं.

मी म्हटलं, "बाई, ते फोटो खराब झाले. रोल जळला."

त्या कॅमेऱ्यात रोल नव्हताच. डिजिटल होता. फोटोवाल्याच्या पोराला खोटंही जुनंच सुचलं.

त्यांनी मान हलवली. विश्वास बसला होता. म्हणाल्या, "होते जी असं." मलाच धीर दिल्यासारखं.

तेवढ्यात पलीकडून मोठ्यानं आवाज आला — "नाई पारबताबाई, मले नोको आज."

त्या दचकल्या. काठी घसरली. भिंतीकडे बघत म्हणाल्या, "काय नोको जी?" उत्तर आलं नाही, टोपात बाहेरचं ऐकू जात नाही. पुन्हा तेच आलं, जरा जोरात. "नाई पारबताबाई, मले नोको."

"हा तं आपला देवाजी होय! मले काऊन हाक मारून राह्यला?"

मी म्हटलं, पेशंट आहे, बडबडतो. भेटता येणार नाही. दार माझ्यापासून चार पावलांवर होतं.

त्यांनी काठी उचलली. मग जावयाचा खांदा धरून उठल्या, वेळ घेत. दारात थांबून म्हणाल्या, "त्याले सांगजा भाऊ. बाईपाशी आता दारू नाई म्हना. बिनघोर येत जाय म्हना भेटाले." आणि मग जरा थांबून, "मूलले."

मी देवाजीला सांगितलं नाही.

पुढल्या उन्हाळ्यात त्या मुलीकडे असतानाच गेल्या असं कळलं — म्हणजे वारल्या. देवाजी मौतीला जाऊन आला. तो पुढेही प्यायला नाही, मला माहीत आहे तोवर तरी. मी गेलो नाही. मला कामही नव्हतं त्या दिवशी.

टोप परत गेला, केंद्र बंद झालं, मॅडम नागपुरातच असतात. फोटो माझ्याकडे आहेत. परवा पुन्हा उघडून बघितले, एकेक करून, सगळे. एकही खराब झालेला नाही.